मुरलेला मंत्र

“टूथपेस्ट लाव,” थ्येनपाओ काका म्हणाले.

मी मान वर केली नाही. काका निवृत्त पोस्टमन आहेत. रोज सकाळी आठला आमच्या दुकानात येऊन बसतात, माझ्या नवऱ्याच्या हातचा चहा पितात आणि मला अक्कल शिकवतात. स्वतःच्या स्कूटरचा आरसासुद्धा त्यांनी आजवर स्वतःच्या हातानं आवळलेला नाही.

“नाहीतर डासांसाठी अंगाला मारतात तो स्प्रे,” ते पुढे म्हणाले. “माझ्या मेव्हण्यानं मारला होता हेडलाइटवर. एका मिनिटात लख्ख!”

“आणि महिन्याभरात काच पांढरी पडून तडकली. बदलायला इथेच आला होता तुमचा मेव्हणा.”

जिनफा, म्हणजे माझा नवरा, हसला आणि त्यांचा पेला पुन्हा भरला. आमच्या दुकानात इंजिन त्याचं, वायरी आणि प्लास्टिक माझं आणि चहाचं टेबल अख्ख्या बुदाय गावाचं. इंजिनाला दिवसातून दोन तास लागतात. चहाला उरलेले सगळे.

स्टँडवर युएश्याची मोटरसायकल होती. एकशे पंचवीसची, बावीस वर्षांची. इंजिन अजून ठणठणीत, पण हेडलाइटची काच बघवत नव्हती. काच आपली म्हणायची, असते ती प्लास्टिकचीच, आणि उन्हानं पिवळी पडते. रोज बघते मी असल्या काचा. पण ही पिवळी नव्हती, उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाच्या रंगाची होती. दिवा लावला तर समोरच्या भिंतीवर एक मळका डाग पडायचा, बस्स.

साडेसातला युएश्या ती ठेवून गेली होती. पायात गमबूट, अंगाला कालवांचा वास. “लीश्वेताई, काहीही कर, पण उद्या मला समोरचं दिसलं पाहिजे. ओहोटी लवकर आहे, पहाटे चारला निघायचंय.”

“इतके दिवस काय झोपली होतीस?”

“आई हात लावू देत नव्हती गं. आज कशीबशी हो म्हणाली.”

ती पहाटे कुठून जाते ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. मासळीच्या तळ्यांमधला बांध, जेमतेम एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना पाणी, एक दिवा नाही. बावीस वर्षांपूर्वी तिचे वडील याच बांधाच्या वळणावरून स्कूटरसकट तळ्यात गेले. सकाळी लोकांना त्यांची चप्पल तेवढी तरंगताना दिसली. त्यानंतर कालवांच्या होडीवर त्यांच्या जागी ही जायला लागली, तेव्हा तेवीस वर्षांची होती. आता पंचेचाळीसची आहे आणि अजून त्याच वाटेनं जाते. म्हणून ही काच साफ करणं माझ्या दृष्टीनं काही सजावटीचं काम नव्हतं.

मी घासायचे वॉटर पेपर पाण्यात भिजत टाकले आणि हेडलाइट खोलायला घेतला, तेवढ्यात युएश्याची आई आली. आतुआन मावशी. वय सत्तरच्या पुढे, उंची माझ्या खांद्याएवढी. स्वतःचं स्टूल घरून घेऊन आली होती. ते माझ्या समोर ठेवलं, बसली आणि म्हणाली, “घास. पण मंत्राला हात लावू नकोस.”

“कुठला मंत्र?”

“देवाचा. गाडी नवी होती तेव्हा देवळात नेली होती. तिथल्या एका माणसाच्या अंगात वांगये देव आले होते, त्यांनी स्वतः लाल शाईनं लिहिला काचेवर. बरोब्बर मधोमध.”

मी काच पुसली. मधोमध बघितलं, कडेला बघितलं. “मावशी, इथे काही नाहीये.”

“दिसायचा नाही. आत मुरलाय.”

“मुरलाय?”

“हो. पहिल्याच वर्षी मुरला.”

“मावशी, प्लास्टिक आहे ते. लोणचं नाही.”

चहाच्या टेबलावरून हशा आला. मावशीनं तिकडे असं बघितलं की थ्येनपाओ काकांनी पेला तोंडाला लावला.

“मंत्र मधोमध आहे ना? मग कडेचं घासते,” मी म्हणाले. “कडेला तरी देवाची हरकत नसेल?”

“कडेचं घास.”

आता प्रकाश जातो मधून. कडा चकचकीत केल्या आणि मधे काळा चहा तसाच ठेवला तर त्या दिव्याचा उपयोग काय? पण म्हटलं, सुरुवात तर होऊ दे. चारशे नंबरचा कागद घेतला, पाणी सोडलं आणि कोपऱ्यात घासायला लागले.

दहा हात मारले आणि थांबले. काहीतरी गडबड होती. उन्हानं पिवळं पडलेलं प्लास्टिक घासलं की पिवळसर दुधासारखं पाणी येतं. इथे पाणी आलंच नाही. कागद मात्र चिकट डिंकानं भरून गेला. दुसरा घेतला, तोही भरला. नखानं खरवडलं तर पापुद्रा सुटला, त्याच्याखाली आणखी एक, त्याच्याखाली आणखी एक. मी पापुद्रा नाकाशी नेला.

“मावशी. या काचेवर काय लावलंय?”

“काही नाही.”

“मावशी.”

“नेलपॉलिश,” ती म्हणाली. “बिनरंगाचं असतं ना, ते. दर वर्षी देवाच्या वाढदिवसाला एक हात. मंत्र उडून जाऊ नये म्हणून.”

माझ्या हातातला कागद बादलीत पडला. बावीस वर्षं! दर वर्षी एक हात! मला वाटत होतं उन्हानं काच खराब केली, आणि इथे ही बाई स्वतःच्या हातानं पोरीच्या दिव्यावर पडदे चढवत बसली होती, एकावर एक.

“नेलपॉलिश काय, थिनर लाव, झटक्यात निघेल,” थ्येनपाओ काका म्हणाले.

“थिनरनं प्लास्टिक विरघळतं, काका! तुम्ही टपाल वाटत होतात तेच बरं होतं!”

“अगं, हळू,” जिनफा म्हणाला.

“तू बोलूच नकोस. जंकयार्डातून दुसरी काच आण म्हणून पाच वर्षं सांगतेय तुला मी.”

“मावशीच नको म्हणते, त्याला मी काय करू? मंत्र याच काचेवर आहे.”

म्हणजे सगळ्यांना मंत्र माहीत होता. फक्त जिला काच साफ करायची होती तिलाच कुणी सांगितलं नव्हतं. ह्या दुकानात माझी किंमत ती एवढी.

मी मावशीसमोर उकिडवी बसले आणि शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले, “हे बघा मावशी. दोनच रस्ते आहेत. एकतर सगळं घासायचं, मधलंसुद्धा. नाहीतर गाडी अशीच परत न्यायची. काय करू सांगा.”

मावशीनं एकदा काचेकडे बघितलं. मग उठली. “देवाला कौल लावून येते.”

देऊळ समोरच्या गल्लीत आहे, दोन मिनिटांवर. कौल लावायला लाकडाचे दोन अर्धचंद्र असतात, एका बाजूनं सपाट, एका बाजूनं फुगीर. प्रश्न विचारून जमिनीवर टाकायचे. एक उताणा एक पालथा पडला तर देव हो म्हणाला. दोन्ही पालथे पडले तर नाही. आणि दोन्ही उताणे पडले तर देव हसला. मोठं काम असेल तर लागोपाठ तीनदा हो यावं लागतं. मावशीचं काम मोठं होतं.

पंधरा मिनिटांत ती परत आली. “देव हसला.”

“बरं. मग?”

“मग पुन्हा विचारायचं.” तिनं शेजारच्या टोपलीतली आमची चार संत्री घेतली, दुकानात कुणालाही न विचारता, आणि परत गेली. मी तोवर कडेचं खरवडत बसले. खांदा भरून आला, पाच कागद वाया गेले.

ती आली. “पुन्हा हसला. एकदा हो म्हणाला, मग लगेच हसला.”

“संत्री आवडली नसतील,” जिनफा म्हणाला.

“पेरू न्यायला हवे होते,” थ्येनपाओ काका म्हणाले, आणि त्यावर दोघांची खरोखरची चर्चा सुरू झाली, देवाला पेरू चालतो की नाही याची. मी घड्याळ बघितलं. साडेअकरा. युएश्या पाचला येणार होती. नेलपॉलिश उतरवायलाच दोन तास, मग आठशे, हजार, पंधराशे, दोन हजार नंबरचे कागद, मग पॉलिश, मग उन्हापासून वाचवणारा शेवटचा हात. तो वाळायलाच दोन तास.

मी हात पुसले. “चला मावशी. मी येते.”

“तू?”

“मीच. बघू दे तरी तुमच्या देवाला कशाचं एवढं हसू येतंय.”

देवळात कुणी नव्हतं, व्यवस्था बघणारे लिम आजोबा तेवढे दारात पेपर वाचत होते. आम्हाला बघून म्हणाले, “पुन्हा? अगं आतुआन, देव हसतो म्हणजे प्रश्न नीट विचार. नाहीतर उत्तर तुला आधीच ठाऊक असतं, म्हणून हसतो.”

मावशी गुडघ्यांवर बसली. अर्धचंद्र कपाळाला लावले, ओठ हलले, मला शब्द ऐकू आले नाहीत. टाकले. दोन्ही उताणे. पुन्हा टाकले. दोन्ही उताणे. तिसऱ्यांदा टाकले, एक गडगडत माझ्या पायाशी आला आणि उताणा पडला. दुसरा आधीच उताणा होता.

माझं डोकं सटकलं. देवासमोर आवाज चढवू नये हे मला कळतं. पण डोळ्यांपुढे तो बांध होता आणि त्या बांधावरून त्या मळक्या डागामागे जाणारी युएश्या.

“मावशी, प्लास्टिकमध्ये काही मुरत नाही!” मी ओरडले. “शाई मुरत नाही, मंत्र मुरत नाही, काही काही मुरत नाही! नेलपॉलिशनं शाई निघते. पहिल्या वर्षी तुम्ही ब्रश फिरवलात ना, तेव्हाच तो पुसला गेला. एकवीस वर्षं तुम्ही रिकाम्या काचेला नेलपॉलिश लावताय!”

लिम आजोबांचा पेपर खाली आला. मावशी माझ्याकडे वळली नाही. खाली वाकून अर्धचंद्र उचलले आणि पदरात ठेवावे तसे मांडीवर ठेवले.

“हळू बोल,” ती म्हणाली. “मला माहीत आहे. ब्रश माझ्याच हातात होता.”

मी दोन पावलं पुढे सरकले.

“पहिला हात मारला आणि सगळं लाल ब्रशला आलं,” ती म्हणाली. “अंगणात उभी होते. देवाचा वाढदिवस, ढोल वाजत होते. युएश्या आतून आली आणि म्हणाली, आई, मंत्र कुठे गेला? तू तेव्हाची युएश्या बघितली नाहीस, लीश्वे. वडील गेल्यावर तीन महिने ती बांधापर्यंत जाऊन परत यायची. तिथे गाडी उभी करायची आणि रडत परत. घरात दोन तोंडं, होडीचा हिस्सा दुसऱ्याला द्यायची वेळ आलेली. मंत्र लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी गेली. त्या मंत्रावर गेली ती. मग मी काय सांगायला हवं होतं? म्हटलं, आत मुरला. आता कधीच जायचा नाही. आणि दर वर्षी तिच्यादेखत हात मारत राहिले, तिला खरं वाटावं म्हणून.”

“मग देवाला काय विचारत होतात सकाळपासून?”

“मंत्राचं कोण विचारतंय? मी विचारत होते, हिला कळलं तर ही उद्या जाईल का. आणि गेली तर येईल का.” तिनं नाक पुसलं. “तर हा मेला नुसता हसतोय.”

मला राग आलेलाच होता, तो गेला नाही. नुसता कुणावर काढायचा ते समजेना. मी तिच्या शेजारी जमिनीवर बसले.

“मी काच घासणार आहे,” मी म्हणाले. “कौल येवो न येवो. देवाचं देव बघेल.”

“घास. पण तिला सांग, मंत्र काढून तू आत दिव्याच्या मागे ठेवलास. कागदावर उतरवून. तू सांगितलंस तर तिला पटेल, तू कधी गोड बोलत नाहीस.”

हे कौतुक म्हणायचं की काय, कोण जाणे. खोटं बोलायला मला आवडत नाही, आणि दुसऱ्याच्या वतीनं तर मुळीच नाही. पण बारा वाजून गेले होते. “सांगते,” मी म्हणाले. “आता उठा.”

पाचपर्यंत मी कुणाशी बोलले नाही. काच काढून मांडीवर घेतली, नळाखाली धरली आणि नेलपॉलिशचे थर उतरवले. नख तुटलं. मग आठशेनं आडवं, हजारनं उभं, पंधराशेनं पुन्हा आडवं, म्हणजे आधीचे ओरखडे दिसतात आणि निघतात. दोन हजारपर्यंत आले तेव्हा काच धुक्यासारखी पांढरी होती. थ्येनपाओ काका म्हणाले, “वाट लावलीस तिची.” जिनफानं त्यांना पहिल्यांदा गप्प बसवलं. मग पॉलिश, आणि धुकं निघत गेलं. प्रकाश परतवणाऱ्या आतल्या भांड्याची चकाकी, बल्बची तार, सगळं दिसायला लागलं. मावशी स्टुलावर बसून बघत होती. हात मांडीवर.

मधोमध काही नव्हतं. लाल रंगाचा ठिपकासुद्धा नाही.

शेवटचा हात वाळला, काच बसवली आणि पाच वाजता युएश्या आली. झोपून आलेली, केस ओले. तिनं चावी फिरवली, इंजिन चालू केलं. समोरच्या भिंतीवर पांढरा स्वच्छ चौकोन पडला. भिंतीवरच्या जुन्या जाहिरातीची अक्षरंसुद्धा वाचता येत होती.

“आई गं,” ती म्हणाली. “अशी होती ही?” मग खाली वाकली, काचेकडे बघितलं. बोट फिरवलं. “आणि मंत्र?”

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, दुपारपासून घोकलेलं. पण युएश्याच पुढे बोलायला लागली.

“त्याला काही झालं नाही ना, ताई? आता सांगायला हरकत नाही. मंगळवारी त्याच वळणावर पुढचं चाक बांधाखाली उतरलं. बाबांच्या वळणावर. कडा दिसलीच नाही मला, सगळं एकच काळं. मी गेलेच होते. कसा कोण जाणे, पाय एका दगडाला लागला आणि राहिले.” ती हसली. “मंत्र होता म्हणून वाचले. नाहीतर संपलंच होतं.”

“मला नाही बोललीस,” मावशी म्हणाली.

“बोलले असते तर तू देवळात जाऊन बसली असतीस.”

मावशी उठली. मी तिच्याकडे बघितलं आणि मानेनंच विचारलं, सांगू ना? तिनं हात वर करून मला थांबवलं.

“मंत्र नाहीये,” ती म्हणाली. “एकवीस वर्षं नाहीये. पहिल्या वर्षीच माझ्या ब्रशनं पुसला गेला. मुरला-बिरला काही नाही, मी खोटं बोलले. आणि तुला कडा दिसली नाही ती माझ्या नेलपॉलिशमुळे. विचार हिला.”

चहाच्या टेबलावर कुणी पेला खाली ठेवला, त्याचा आवाज झाला. युएश्यानं इंजिन बंद केलं. दिवा विझला.

“म्हणजे इतकी वर्षं,” ती सावकाश म्हणाली, “मी नुसतीच जात होते?”

“हो. नुसतीच जात होतीस,” मावशी म्हणाली. “आणि नुसतीच परत येत होतीस.”

“आणि वर तू माझा दिवा झाकत होतीस.”

“हो.”

मला वाटलं आता ही ओरडेल. मी असते तर दुकान डोक्यावर घेतलं असतं. युएश्या ओरडली नाही. मोटरसायकलला टेकून उभी राहिली, दोन्ही हात हँडलवर. मग म्हणाली, “आई, मला भीती वाटतीये. उद्याची.”

“वाटणारच,” मावशी म्हणाली. “मला बावीस वर्षं रोज पहाटे वाटतीये. एकटीनं पेलली. आता निम्मी तू घे.”

युएश्यानं आईचं स्टूल उचलून तिच्या हातात दिलं. मग तिनं चावी फिरवली, दिवा लावला आणि आईला मागे बसायची खूण केली.